खमीर घरात आलं

हसनाबादला माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं शेतकरी, त्यामुळे घरात मारवाडी आणि दुकानात मराठी असं बोलत आम्ही भावंडं वाढलो. खमीर हा शब्द मी पहिल्यांदा दुकानातच ऐकला. गावातल्या एका बाईचा नवरा पटकीनं गेला होता. दिवस झाले न झाले तोच ती पाभरीमागं उभी राहिली आणि जमीन पेरून मोकळी झाली. ती दुकानात येऊन गेली की वडील म्हणायचे, "बाईत खमीर हाय."

"खमीर म्हंजी काय?" मी एकदा विचारलं.

"दाबलं तरी पुन्हा वर येतं ते."

मला शब्द आवडला. पिठाशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. सासर सदर बाजारात, कापडाचं दुकान. माहेरही जैन आणि सासरही जैन, पण आमचं खेड्यातलं माहेर जरा सैल होतं, सासर मात्र फार कडक. पाणी उकळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, कांदा-बटाट्याला घरात पाऊल ठेवायला बंदी. या सगळ्यावर सासूजींची नजर असायची. किडकिडीत बाई, आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण त्या स्वयंपाकघरात आल्या की पातेल्यांसुद्धा सरळ बसावं लागे.

त्या घरात खमीर म्हणजे दोष. सकाळची भिजवलेली डाळ दुपारपर्यंत राहिली, पिठावर बारीक बुडबुडे दिसले, की सासूजी म्हणायच्या, "खमीर आलं याला." म्हणजे ते आता माणसाच्या तोंडी जायचं नाही. आंबलेल्या पिठात जीव पडतात, आणि ते खाणं म्हणजे ते जीव खाणं. बाजारातली जिलेबी त्यासाठीच बंद होती. डबल रोटीचं तर नावही निघत नसे. पावाला आमच्याकडं तेव्हा सगळे डबल रोटीच म्हणायचे.

एका उन्हाळ्यात दुपारी पाहुणे येणार म्हणून मी मोठी परात भरून कणीक मळली. पाहुण्यांची गाडी चुकली. तीच कणीक संध्याकाळी घ्यावी म्हणून मी वरचं ओलं फडकं काढलं, तर सासूजी मागं उभ्या. त्यांनी बोट रोवलं, वास घेतला.

"खमीर आलं. गाईला घाल. एवढी कणीक कुणी मळली?"

मी तोंड उघडायच्या आत नणंद म्हणाली, "मी मळली, माँ."

ती माझ्याच वयाची. आमच्यात नणंदेला बाईसा म्हणतात, म्हणून मीही तिला बाईसा म्हणायची, पण एकटीला पाहून सरळ अगंतुगं. सासूजींनी तिच्याकडं पाहिलं. दुपारभर ती माळ्यावर झोपली होती हे त्यांना ठाऊक होतं. त्या आत गेल्या, आणि बाईसानं पदर तोंडात कोंबून हसू दाबलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक भट्टी होती. मालक मुसलमान, मध्यम वयाचा. पिठानं त्याच्या भुवया कायम पांढऱ्या आणि दाढी मात्र काळीभोर, म्हणून पोरं त्याला हसायची. दुपारी भट्टीतून पाव निघाले की वारा असेल तसा तो वास आमच्या अंगणात यायचा. बाईसा निवडायचं सूप तसंच मांडीवर ठेवून डोळे मिटायची.

"माँ, वास नाकात गेला तर पाप लागतं का?"

"नाक धर," सासूजी म्हणायच्या. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. ती एकच मुलगी होती त्यांची. तिच्यावर त्यांचा जीव किती होता हे अशा वेळीच दिसायचं, एरवी नाही.

बाईसाचं लग्न अंबडला झालं. वर्षाच्या आत ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, आणि बाळ जन्मलं ते रडलंच नाही. मुलगा होता. तिनं त्याला एकदा पाहायला मागितलं. सुईणीनं दाखवलं. नंतर त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

त्यानंतर तिच्या पोटात काही ठरेना. खाल्लेलं जसंच्या तसं निघून जायचं. वैद्यांच्या पुड्या झाल्या, काढे झाले. उन्हाळा संपता संपता तिचे हात इतके वाळले की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शेवटी माझ्या नवऱ्यानं डॉक्टर आणला. तरुण, हैदराबादेत शिकलेला. त्यानं पोट दाबून पाहिलं, औषध लिहिलं आणि म्हणाला, "पोळी-भाकरी बंद करा. डबल रोटी आणा, कापून तव्यावर कडक भाजा आणि मुगाच्या पाण्यात भिजवून द्या. पोटाला हलकी असते."

सासूजींनी दाराआडून विचारलं, "त्यात काय काय असतं?"

"मैदा, मीठ, खमीर."

"मंग आमच्यात न्हाई चालत."

"आजारी माणसाला सगळं चालतं, माँजी," डॉक्टर म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. वाईट बोलला नाही तो. त्याला घाई होती.

सासूजी हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्यांनी जे जे हलकं म्हणून माहीत होतं ते सगळं करून पाहिलं. पापडासारखे पातळ फुलके, भाजून कुस्करलेले खाखरे, भाताची पेज, लाह्यांचं पीठ. पहाटेपासून त्या चुलीपुढं असायच्या. बाईसा दोन घास घ्यायची, आईकडं पाहून तिसरा घ्यायची, आणि मग मोरीकडं धरून न्यावं लागायचं.

"मी आजच्या आज डबल रोटी घेऊन येतो," माझा नवरा एक दिवस चिडून म्हणाला. "मंग बघू कोन काय म्हन्तं."

सासरे गादीवर बसले होते. त्यांनी नुसता हात वर केला. "घरात तिचं चालतं," ते म्हणाले. तेवढंच.

सासूजी दळण निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "एका जिवासाठी दुसरे जीव शिजवायचे? भगवानला काय तोंड दाखवू?"

"आन् तिला काय दाखवशील?" असं नवरा म्हणाला आणि बाहेर निघून गेला. घरात कुणी आईला असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी सासूजी स्थानकात गेल्यावर मी बाईसाच्या उशाशी बसले. स्थानक म्हणजे आमची धर्माला बसायची जागा. तास-दीड तास तरी त्या येणार नव्हत्या. मी म्हणाले, "मी आणते भट्टीवरून. पदराखाली. कुणाला कळणार न्हाई."

तिनं मान हलवली. "न्हाई."

"अगं, तुझा जीव जाऊन राह्यला."

"चोरून खाल्लं तर माँला कळेलच. तिला वास लगेच येतो." ती थोडं थांबली, तिला बोलताना दम लागायचा. "मंग ती म्हणेल, माझ्या पोरीनं मला फसवलं. ती देईल तवा खाईन. न्हाई दिली तर न्हाई."

"आन् न दिली तर?"

ती हसली. "तिच्यात न् माझ्यात कोण आधी थकतं बघू."

अंगात उठून बसायचं बळ नव्हतं, पण ती तिच्या म्हणण्यावरून हलली नाही. माहेरच्या दुकानात येणारी ती बाई मला त्या दिवशी आठवली. तशी ताकद फक्त शेतात राबणाऱ्या अंगातच असते असं मला तोवर वाटत होतं.

सासूजींना हे मी सांगितलं. सांगावं की नाही हे कळत नव्हतं, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "बींदणी, चल माझ्यासोबत." आमच्यात सुनेला बींदणी म्हणतात.

आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो. भट्टीच्या दारात सासूजी थांबल्या. इतकी वर्षं त्या त्या दारावरून तोंड फिरवून जायच्या. भट्टीवाला लगबगीनं बाहेर आला.

"अम्मा, आप? क्या होना?"

"बेटी बीमार हाय," सासूजी म्हणाल्या. "डबल रोटी पाहिजे. पण खमीर न घालता."

तो चक्रावला. "खमीर के बगैर डबल रोटी? वो तो पत्थर होती अम्मा."

"करून तर बघा."

त्यानं भुवया पुसल्या, त्यामुळे त्या आणखी पांढऱ्या झाल्या. "हौ. कल देता मैं. नवा पत्रा लेता, अंडे का हात भी नक्को लगाता."

दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पाव पाठवला. खरंच दगड होता. सासूजींनी सुरी लावली, सुरी आत जाईना. बत्त्यानं फोडून तव्यावर भाजला, मुगाच्या पाण्यात घातला, तरी मधे कच्चा गोळा राहिला. बाईसानं एक तुकडा तोंडात घोळवला आणि हळूच तळहातावर काढून ठेवला.

"माँ, हा खाखऱ्याचा मोठा भाऊ हाय," ती म्हणाली. आम्ही हसलो. सासूजीही हसल्या, आणि हसता हसता उठून मागच्या अंगणात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

त्याच दुपारी त्या पुन्हा भट्टीवर गेल्या, मला घेऊन. "तुमचं खमीर मला दाखवा," म्हणाल्या.

भट्टीवाल्यानं आतून एक मडकं आणलं. तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानं ते सोडलं. आत काल राखून ठेवलेल्या पिठाचा गोळा होता, फुगलेला, आणि त्यावर बुडबुडे हळूहळू वर येऊन फुटत होते. आंबूस, गोडसर वास आला. सासूजी वाकून पाहत राहिल्या. एक बुडबुडा मोठा होत गेला आणि बसला.

"हे हलतंय," त्या म्हणाल्या.

"हौ अम्मा. सांस लेता."

"म्हंजी जिवंत हाय?"

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. "बीमार बच्ची का मामला है, झूठ कैसा बोलूं? जिंदा है. भट्टी में जाके मरता. मगर उसी से रोटी नरम होती." मग त्यानं मडक्यावर फडकं बांधलं. "मेरी वालिदा बोलती थी, जैसा खमीर वैसा आदमी. आपकी बेटी का खमीर आपसेच है अम्मा. आप जो बोलेंगे वोच करेगी वो."

सासूजींनी मान हलवली. घरी येऊन त्या सामायिकेला, म्हणजे दोन घटकांच्या ध्यानाला बसल्या. तोंडाला कापडाची पट्टी, हातात माळ. एक सामायिक झाली की दुसरी घेतली, मग तिसरी. त्या दिवशी संध्याकाळचं जेवण त्यांनी केलं नाही.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मागच्या अंगणात तीन विटा मांड. जुना तवा काढ. तो तवा पुन्हा घरात आणायचा न्हाई."

मी पदर खोचला. "मी जाऊन रोटी आणते."

"तू न्हाई. मी आणीन, मी कापीन, मी भाजीन. पाप लागायचं ते एकीला लागू दे. तू हात नको लावू, आन् तिला सांग, तिला काय नाही लागत. माँनं दिलं ते तिनं खाल्लं."

भर बाजाराच्या वेळी त्या गेल्या आणि पाव हातात धरून आल्या. पदराखाली झाकला नाही. शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी पाहिलं. सासूजींनी त्यांना पाहिलं आणि चालत राहिल्या.

अंगणात बसून त्यांनी पावाच्या चकत्या केल्या, तव्यावर दोन्ही बाजूंनी बदामी होईतो भाजल्या. धूर डोळ्यांत जात होता, त्यांनी डोळे पुसले नाहीत. मुगाच्या पाण्यात एक चकती बुडवली आणि वाटी घेऊन बाईसाकडं गेल्या.

बाईसानं वाटीकडं पाहिलं, मग आईकडं. "माँ, तू?"

"खा."

तिनं खाल्लं. पहिला घास गिळायला वेळ लागला. आम्ही दोघी मोरीकडं न्यायच्या तयारीनं उभ्या होतो. काही झालं नाही. ती म्हणाली, "आणखी एक दे."

पुढचे दिवस चांगले गेले. औषधानं असो की पावानं, पोटात अन्न ठरायला लागलं. ती भिंतीला टेकून बसायला लागली, मग धरून अंगणात यायला लागली. एकदा तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली. अंबडहून तिचा नवरा एस.टी.नं आला, दाराशी अवघडून उभा राहिला, आणि ती त्याच्याशी बोलली. सासूजी रोज भट्टीवर जायच्या, रोज तीन विटांपाशी बसायच्या. त्या स्वतः मात्र एकच वेळ जेवायला लागल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "भूक न्हाई."

थंडी पडायला लागली तसा ताप आला. डॉक्टर आला, परत आला. यावेळी त्यानं खाण्याचं काही सांगितलं नाही. सासूजींनी विचारलं, "डबल रोटी देत राहू?" तो म्हणाला, "मागेल ते द्या." सासऱ्यांनी तेवढं ऐकलं आणि ते गादीवरून उठून दुकानात जाऊन बसले, दुकान बंद असताना.

बाईसा एका सकाळी गेली. ऊन अंगणात यायच्या वेळेला. मी तिचे पाय चोळत होते, सासूजी नवकार म्हणत होत्या. त्यांचा आवाज एकदाही अडला नाही. तो मंत्र पुरा झाला आणि मग त्या थांबल्या.

बसायला आलेल्या बायका हळू आवाजात बोलायच्या, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्याच हळू. "घरात खमीर आलं, मंग घर नासनारच." मी उठले होते उत्तर द्यायला. सासूजींनी माझा हात धरून खाली बसवलं. भट्टीवाला पुरुषांच्या बैठकीत दाराशी येऊन गेला. सासऱ्यांनी त्याला आत बोलावलं, तो पायरीवरच बसला.

चातुर्मासात आमच्या स्थानकात साध्वी आल्या. वयस्कर, कमी बोलणाऱ्या. सासूजी मला घेऊन त्यांच्यापुढं बसल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मला प्रायश्चित्त द्या. महिन्याचे उपास सांगा, करीन."

साध्वींनी विचारलं, "जे केलं त्याचा पश्चात्ताप होतो?"

एवढंच म्हणायचं होतं, हो. मी मनात म्हणत होते, म्हणा, हो म्हणा. सासूजी जमिनीकडं पाहत राहिल्या.

"उशीर केला त्याचा होतो," त्या म्हणाल्या. "दिली त्याचा न्हाई होऊन राह्यला. खूप बघितलं करून. न्हाई होत."

साध्वी म्हणाल्या, "पश्चात्तापाशिवाय प्रायश्चित्त कसं देऊ, बाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट त्यांचेच डोळे भरले होते असं मला वाटलं. सासूजींनी वंदना केली आणि उठल्या.

बाहेर आल्यावर स्थानकाच्या पायरीवर त्या मटकन खाली बसल्या. बाईसा गेली तेव्हा, तिला नेलं तेव्हा, तेराव्याला, कधीच त्या रडल्या नव्हत्या. आता येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता रडल्या. मी शेजारी बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत आजवर झाली नव्हती. ठेवला.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तिला आवडली होती का गं?"

"हो."

"माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"खरंच सांगते. तुम्ही वाटी धुवायला गेल्या होत्या तवा ती मला म्हणाली, वासापेक्षा चव बरी हाय."

सासूजींनी ते ऐकून घेतलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग हाताला धरून मला उठवलं, आणि दिवस मावळायला आला होता म्हणून आम्ही जरा भरभर घराकडं निघालो. त्या दिवशी आम्ही दोघी वेळेवर पोचलो नाही, म्हणून दोघी जेवलो नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसून राहिलो. त्या बाईसाच्या लहानपणाचं सांगत होत्या, पहिल्यांदाच, आणि मी ऐकत होते.